रबरी हातमोजे आणि मॅट दिलेत, मग पॅनलच्या फ्लॅशची भीती उरते का?

तुमचा प्रश्न असा आहे: आयटीआय करून जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलला इलेक्ट्रिकल हेल्पर म्हणून लागलात, कंपनीनं रबरी हातमोजे दिले, पॅनलसमोर मॅट टाकली, तरी जुने वायरमन 'फ्लॅशला जपून' म्हणतात. मग आणखी काय लागतं, आणि मालकाकडे नेमकं काय मागायचं?

मी वाळूजला मेन्टेनन्समध्ये आहे, पर्यवेक्षकाचा परवाना आहे. हातमोजे आणि मॅट या दोन्ही गोष्टी शॉकसाठी आहेत. मॅटवर आयएस १५६५२ चा शिक्का असेल तर चांगलंच, पण फ्लॅशमध्ये करंट तुमच्या अंगातून जातच नाही. दोन फेजमधली हवाच पेटते, तांब्याची वाफ होते आणि ती उष्णता तुमच्या तोंडावर, छातीवर, हातांवर येते. या पेटलेल्या हवेचं, म्हणजे आर्कचं, तापमान २०,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंशांचा आहे. म्हणजे तारेला हातही न लावता, तीन फुटांवर उभा असलेला माणूस भाजतो.

भाजणं मोजायचं एकक आहे कॅलरी प्रति चौरस सेंटिमीटर. उघड्या कातडीवर १.२ कॅलरी पडली की फोड येणारी भाजणी सुरू होते. आणि ही कॅलरी सगळ्यात जास्त कशावर ठरत असेल तर वेळेवर. आर्क किती वेळ जळत राहिला, म्हणजेच वरचा ब्रेकर (फॉल्ट झाला की सप्लाय आपोआप तोडणारा स्विच) किती वेळात तुटला. ५० मिलिसेकंदांत तुटला आणि २ कॅलरी आली असं धरा. तोच ब्रेकर ४०० मिलिसेकंदांनी तुटला तर १६ कॅलरी येते. पॅनल तेच, माणूस तोच, फक्त ब्रेकरनं कधी तुटायचं ते ठरवणारा डायल वेगळ्या जागी.

हा डायलचा भाग नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे सगळा घोळ इथेच आहे. समजा तुमच्याकडे १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे, इम्पिडन्स (करंटला आतला अडथळा) ५ टक्के. ४३३ व्होल्टला फुल लोड करंट साधारण १३३३ अँपिअर, आणि ठोस शॉर्ट झालं तर २६ हजारांच्या पुढे. पण फ्लॅशमध्ये बसबारांच्या (पॅनलमधल्या करंट वाहणाऱ्या जाड पट्ट्यांच्या) मध्ये हवेची फट असते, त्यामुळे करंट जवळपास निम्म्यावर येतो. १२-१३ हजार धरा. आता इनकमरला, म्हणजे पॅनलमध्ये सप्लाय येतो तिथे, १६०० अँपिअरचा एसीबी (एअर सर्किट ब्रेकर) आहे आणि इन्स्टंट ट्रिप, म्हणजे अजिबात न थांबता तुटणं, १२ पटीला लावलंय, म्हणजे १९,२०० अँपिअरला. फ्लॅशचा करंट तिथवर पोचतच नाही! एसीबीच्या लेखी हा साधा शॉर्ट टाइम फॉल्ट, म्हणजे थोडं थांबून तोडायचा, आणि तो थांबायचा वेळ, डिले, कोणीतरी ०.४ सेकंदावर नेऊन ठेवलेला असतो. कोणी? मिलची मोठी मोटर चालू होताना एकदा-दोनदा ट्रिपिंग झालं, शेठ ओरडले, आणि कोणीतरी स्क्रूड्रायव्हरनं सगळे डायल उजवीकडे फिरवून टाकले. 'दहा वर्षं झाले असंच करायलो, काई होत नाही' हे वाक्य मी लातूरपासून नांदेडपर्यंत ऐकलंय.

आणखी एक. इनकमर एसीबीच्या वरच्या टर्मिनलला, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला फ्लॅश झाला तर तो एसीबी काहीच करू शकत नाही. तिथे एचटी (हाय टेन्शन) बाजूचा व्हीसीबी (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर) तुटायला हवा, आणि त्याला बहुतेक वेळा जास्त वेळ लागतो. म्हणून इनकमर बंद करून 'आता पॅनल मेलं' असं समजणं खोटं आहे. इनकमरची वरची बाजू जिवंतच असते.

मराठवाड्यात फ्लॅश कशानं होतात? पाना निसटून बसबारवर पडणं, ढिला लग (केबलच्या टोकाचा जोड), हे सगळीकडेच. आपलं खास म्हणजे धूळ, पाल आणि उंदीर. केबल आत घेताना ग्लँड प्लेटला (केबल शिरते त्या पत्र्याला) भोक पाडतात, केबल बदलली की जुनं भोक तसंच उघडं. जिनिंगमध्ये रुईचा भुगा, तुमच्याकडे लोखंडाची भुकटी. ती बसबारच्या सपोर्टवर साचते, जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की तीच करंटला वाट मोकळी करून देते. आणि मे महिना! पॅनलचे फिल्टर तुंबलेले, आत गरम, म्हणून दार सताड उघडं टाकून समोर पेडेस्टल फॅन लावलेला. थंडावा राहिला बाजूला, धूळ दुप्पट वेगानं आत, आणि माणूस नि बसबार यांच्या मधला दाराचा पत्राही गेला.

आमच्याकडे एका फीडरमध्ये (पॅनलमधून पुढे सप्लाय नेणाऱ्या कप्प्यात) पाल घुसून फ्लॅश झाला होता. सुदैवानं समोर कोणी नव्हतं. नंतर दार उघडलं तर आतला राखाडी पेंट काळाठिक्कर, आणि त्यावर तांब्याचे मोहरीएवढे मणी चिकटलेले. नखानं निघत नव्हते. ते मणी ज्या वेगानं आले, त्यांच्या वाटेत एखाद्याचा चेहरा असता तर?

आता उपाय. पहिला उपाय वीज बंद करणं, आणि बंद म्हणजे खरंच बंद: परमिट (कामाची लेखी परवानगी), ब्रेकर ऑफ, रॅक आउट (ब्रेकर बसबारपासून बाहेर ओढणं), आपलं स्वतःचं कुलूप, चावी आपल्या खिशात. मग तपासणी. मीटर आधी चालू जागी लावून बघा, मग बंद केलेल्या जागी, मग परत चालू जागी. मध्येच मीटर मेला तर 'सप्लाय नाही' असं दिसतं, आणि माणूस हात घालतो. निऑनच्या टेस्टरवर यासाठी विसंबू नका. फूटपाथवरचा दोनशे रुपयांचा मल्टिमीटर तर पॅनलमध्ये आणूच नका. वायर अँपिअरच्या भोकात राहिली आणि प्रोब दोन फेजला लागले तर तो मीटरच शॉर्ट आहे; मीटरवर कॅट (मीटर किती झटका सोसेल त्याची पायरी) तीन किंवा चार, ६०० व्होल्ट असं छापलेलं हवं. लक्षात घ्या, ही तपासणी होईपर्यंत पॅनल जिवंतच धरायचं, त्यामुळे फ्लॅशचे कपडे तेव्हाही अंगावर हवेत.

दुसरा उपाय अंतर. चालू बसबारवर एसीबी रॅक इन-आउट करणं हे सगळ्यात धोक्याचं काम. आधी ब्रेकर ऑफ आहे हे डोळ्यांनी बघा, दार लावून काम करा, रिमोट रॅकिंग (लांबून ब्रेकर आत-बाहेर करणारं यंत्र) मिळत असेल तर भांडून घ्या. स्विच मारताना पॅनलच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, एका बाजूला व्हायचं, तोंड वळवून. मित्राला 'बघ रे कसं करतात' म्हणून मागे उभं करायचं नाही.

तिसरा वेळ, जो वर सांगितला. नवीन पॅनल असेल तर आर्क रिले बसवता येतो. तो उजेड आणि करंट दोन्ही एकदम दिसले की काही मिलिसेकंदांत ट्रिपचा हुकूम देतो. ब्रेकर तुटायचा वेळ त्यात धरावाच लागतो. काही एसीबीच्या रिलीजमध्ये (ब्रेकर तोडायला लावणाऱ्या युनिटमध्ये) मेन्टेनन्स मोड असतो, काम चालू असताना डिले शून्यावर आणणारा. तो वापरत कोणी नाही, कारण कोणाला माहीतच नसतो.

कपडे सगळ्यात शेवटी. टेरिकॉटचा युनिफॉर्म, पॉलिस्टरचा रुमाल, नायलॉनचे मोजे वितळून कातडीला चिकटतात. जाड सुती कपडा वितळत नाही, पण पेटू शकतो. म्हणून कपड्यावर कॅलरीचा आकडा लिहिलेलाच हवा. हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली साखळी, कमरेचा चांदीचा करदोटा हे कामाआधी काढायचं. करदोट्यावर घरचे चिडतात हे मला माहीत आहे. रबरी हातमोज्यांवर चामड्याचे हातमोजे. तोंडासाठी आर्क रेटेड (कॅलरीचा आकडा लिहिलेली) फेस शील्ड. वेल्डिंगचा चष्मा चालत नाही. कानात प्लग, कारण स्फोटाचा धक्का कानाच्या पडद्याला बसतो.

कोणी भाजलंच, तर आधी सप्लाय तोडा. कपडे पेटलेले असतील तर पळू देऊ नका, जमिनीवर लोळवा. घड्याळ, कडं सूज यायच्या आत काढा. चिकटलेलं कापड ओढू नका. साधं स्वच्छ पाणी २० मिनिटं, नाहीतर जमेल तेवढं. टूथपेस्ट, शाई, हळद काही नाही. माणूस बोलतोय म्हणून घरी पाठवू नका: गरम वाफ श्वासात गेली असेल तर सूज तासाभरानं चढते. जखमी झाल्याची माहिती विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ खाली विद्युत निरीक्षकाला द्यावीच लागते. 'आपसात मिटवू' हा मार्ग कायद्यात नाही.

शेठकडे काय मागायचं? आधी फुकटचं मागा: उघडी भोकं बुजवणं, दारं बंद, कुलपं, आणि ब्रेकरचे डायल कुठे आहेत त्याचा कागद. मग एखाद्या जाणकाराकडून आर्क फ्लॅशचा अभ्यास, ज्यातून प्रत्येक पॅनलवर किती कॅलरी आणि किती अंतर हे लिहून चिकटवता येतं. हिशेबाची पद्धत आयईईई १५८४ मध्ये आहे, २०१८ ची सुधारित. तो झाला की कपड्यांचा आकडा आपोआप कळतो. साधारणपणे रोजच्या वापराला ८ कॅलरीचे शर्ट-पँट आणि सबस्टेशनमध्ये एक ४० कॅलरीचा पूर्ण सूट, अशी सोय बऱ्याच ठिकाणी करतात. पण स्टिकरवर ४० च्या वर आकडा आला तर सूट घालूनही चालू सप्लायवर काम करायचं नाही; तिथे शटडाउनच. भट्टीत माल आहे म्हणून शटडाउन देत नाहीत, हे मला ठाऊक आहे. माल बाहेर येईपर्यंत थांबा, मग काम करा. आणि सूट आला तर तो स्टोअरच्या कपाटात जाऊ देऊ नका, रात्रपाळीला स्टोअर बंद असतं.