तोरणमाळला सुट्टीच्या घरासाठी जागा घ्यावी का?

घेऊ नका. एजंट सांगतोय त्या मार्गाने तर अजिबात नको.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही नाशिकचे, तोरणमाळला राहून आलात, यशवंत तलावाकाठची थंडी आवडली. शहाद्याच्या एजंटाने सांगितलं की जागा तिथल्याच आदिवासी माणसाच्या नावावर घेऊ, त्याच्याकडून तुमच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून घेऊ, आणि तोरणमाळचं महाबळेश्वर झालं की पाचपट पैसे. हे सुरक्षित आहे का, भाव काय आणि शेजार कसा, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

तोरणमाळ अक्राणी तालुक्यात, म्हणजे धडगावच्या बाजूला. अख्खा तालुका अनुसूचित क्षेत्र आहे, म्हणजे आदिवासींच्या संरक्षणासाठी घटनेनुसार वेगळा ठरवलेला भाग. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम ३६अ सांगतं की आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा अशा कुठल्याच वाटेने पूर्वपरवानगीशिवाय जात नाही. पाच वर्षांपर्यंतचं गहाण किंवा भाडेपट्टा असेल तर जिल्हाधिकारी परवानगी देऊ शकतात. विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांनाही आधी राज्य सरकारची मान्यता लागते. तुमच्या सुट्टीच्या घरासाठी ती मिळेल असं मला वाटत नाही. एजंटाचा मार्ग म्हणजे सरळ बेनामी व्यवहार. १९८८ चा बेनामी कायदा २०१६ मध्ये कडक झालाय. त्यात मालमत्ता सरकारजमा होते, एक ते सात वर्षं कैद होऊ शकते, आणि ज्याच्या नावावर घेतली तोसुद्धा अडकतो. एजंट हे शेवटचं कधीच सांगत नाहीत.

मला हे माहीत आहे कारण हाच बेत आमच्या ओट्यावर शिजत होता.

मी शहाद्याचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी आलो होतो. खानदेशात आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल फिरतं, त्यामुळे घरात तीच बोलणी चाललेली. आमचा सालदार पावरा आदिवासी, तोरणमाळच्या खालच्या एका पाड्यावरचा, बरीच वर्षं वडिलांकडे होता. त्या दिवशी आक्का आणि दाजी आलेले. दाजींचा खत-बियाण्यांचा धंदा आहे, माणूस हुशार आणि कामाला वाघ, हे मी आजही म्हणेन. जेवणं झाल्यावर त्यांनी पिशवीतून सातबारा काढला. तोरणमाळच्या अलीकडची जागा, वरून दरी दिसते, लॉज बांधायचा. आधी एक जागा पाहिली होती, पण ती वनपट्ट्याची निघाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाला जातो, विकता येत नाही, म्हणून ती सोडली. ही दुसरी एका म्हाताऱ्याची, खातेफोडीत वाटणीला आलेली. त्याची दोन्ही पोरं ऊसतोडीला गुजरातेत, म्हाताऱ्याला ऑपरेशनला पैसे हवेत. दाजींनी इसार देऊनही टाकला होता. खरेदी आमच्या सालदाराच्या नावे होणार, कारण आदिवासीकडून आदिवासीकडे जमीन जायला ही आडकाठी नाही. मग नोटरीकडे जाऊन कुलमुखत्यारपत्र दाजींच्या नावे.

मी विचारलं, सालदाराला विचारलंय का? दाजी म्हणाले, "तो आपला घरना माणूस शे, त्याले काय इचारनं?"

तेव्हा तो गोठ्याशी बैलांना पाणी दाखवत होता. मी तिथे गेलो आणि जे जे माहीत होतं ते सांगितलं: उताऱ्यावर नाव तुझं लागेल, उद्या चौकशी आली तर नोटीस तुझ्या नावाने येईल, पैसे कुठून आणलेस असं विचारतील, घरकुलाच्या यादीत बसायला गेलास तर ही जमीन आडवी येऊ शकते. तो ऐकत राहिला. मग एवढंच विचारलं, "नाव माझं, मग वावर कोणाचं?"

त्याने सही दिली नाही. ओट्यावर येऊन वडिलांसमोर सरळ सांगितलं की जमणार नाही. आमच्या घरात सालदाराने पाव्हण्यांना नाही म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती. दाजी चहा न घेता उठले. मला म्हणाले, "तू परदेशात राहून आलास, तुला आपल्या भागाचं काय पडलंय? या कायद्यानेच तोरणमाळ मागे राहिलं." पुढे दर लग्नात, दर पंगतीत हाच वाद. म्हाताऱ्याचं ऑपरेशन धुळ्याला सरकारी दवाखान्यात झालं, पोरांनी दोन हंगामांच्या उचलीतून दाजींचा इसार परत केला, जमीन म्हाताऱ्याच्या घरातच आहे. तरी दाजी म्हणतात की मी व्यवहार मोडला आणि माणूसही बिघडवला.

हो, मी व्यवहार मोडला. आणि परदेशात राहून आलो म्हणूनच मोडला.

हॉटेल मॅनेजमेंट करून मी काही वर्षं अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, अ‍ॅस्पेन नावाच्या डोंगरातल्या गावात, एका हॉटेलच्या हिशेब विभागात होतो. उंची सुमारे २,४०० मीटर, तोरणमाळच्या दुपटीहून जास्त. नोव्हेंबर अखेरपासून एप्रिलपर्यंत बर्फ आणि स्कीइंग. तिथे ३६अ सारखं काही नव्हतं. मूळचे यूट आदिवासी १८८१ मध्ये त्या भागातून हाकलले गेले. चांदीच्या खाणींवर गाव वाढलं, १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला तसं ओस पडलं. मग १९४६-४७ च्या हिवाळ्यात डोंगरावर माणसं नेणारी खुर्च्यांची लिफ्ट सुरू झाली आणि पैसेवाले आले. दाजींना तोरणमाळचं जे व्हायला हवंय ते तिथे होऊन गेलंय. त्याचा शेवट मी डोळ्यांनी पाहिला.

आमच्या हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या बहुतेक बाया मेक्सिको आणि एल साल्वादोरच्या. त्यांतल्या कितीतरी जणी रायफल नावाच्या गावाहून यायच्या, शंभर किलोमीटरपेक्षा जास्त अंतर, बर्फातल्या रस्त्याने. मी ग्लेनवूड स्प्रिंग्जला राहायचो, ते साधारण ६५ किलोमीटर. पहाटे अंधारात बस धरायची, रात्री अंधारात परत. बसमध्ये शिक्षिका, स्वयंपाकी, पोलीस, बर्फ काढणारे, सगळे एकमेकांना ओळखायचे, कोणाचं बाळ आजारी आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं. त्या गावाचं गावपण त्या बसमध्ये होतं. गावात मात्र हॉटेलच्या मागच्या गल्लीत मोठमोठी घरं वर्षातले बहुतेक महिने बंद. मालक नाताळात येतात, पुन्हा एखादी सुट्टी, संपलं. देखभाल करणारा रोज येऊन हीटर बघून जातो, आत माणूस नाही. साध्या सुट्या घराची किंमत कित्येक दशलक्ष डॉलर. हे नगरपालिकेला कधी कळलं? पाण्याची गाडी चालवणारा, नर्स, मास्तर कोणीच गावात राहू शकत नाही असं झाल्यावर.

मग उपाय सुरू झाले. जमीन-घराच्या दर विक्रीवर एक टक्का कर लावून त्यातून कामगारांसाठी घरं. आज तिथे तीन हजारांच्या आसपास अशी बंधनाची घरं आहेत. त्या तालुक्यात वर्षाला १,५०० तास काम केलं पाहिजे, वर्षातले नऊ महिने त्या घरात राहिलं पाहिजे, आणि बऱ्याच घरांना अट अशी की विकताना किंमत वर्षाला फार तर तीन टक्क्यांनी वाढेल. घर मिळतं लॉटरीने. माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई लॉटरीत नाव येईना म्हणून वर्षानुवर्षं अर्ज भरत होती. ज्या गावात आपण काम करतो तिथे झोपायला जागा मिळावी म्हणून चिठ्ठीत नाव निघायची वाट पाहायची, हे दाजींनी एकदा तरी पाहावं असं मला फार वाटतं.

दाजींचं दुसरं म्हणणं असतं की असले कायदे फक्त आपल्याकडे. चूक आहे. मनालीजवळच्या सोलंगला स्कीइंग चालतं, आणि हिमाचलात १९७२ च्या कायद्याचं कलम ११८ आहे, तिथला शेतकरी नसलेल्या माणसाला सरकारी परवानगीशिवाय तिथे शेतजमीन मिळत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर २०१२ मध्ये लोकांनी मतदान करून ठरवलं की कुठल्याही गावात सुट्टीची घरं एकूण घरांच्या वीस टक्क्यांवर जाता कामा नयेत. अगदी निसटतं बहुमत होतं, पण ठरवलं. श्रीमंत देश आहे, त्याची डोंगरातली कितीतरी गावं पर्यटनावर जगतात, तरी ठरवलं.

आणि आपल्याकडचा कायदा आकाशातून पडलेला नाही. आमच्या शहादा तालुक्यातच १९७१-७२ मध्ये गेलेल्या जमिनींसाठी आदिवासी उभे राहिले, अंबरसिंग महाराज पुढे होते, श्रमिक संघटना ही आदिवासी शेतमजुरांची संघटना त्यातूनच आली. ३६अ हे कलम १९६६ च्या संहितेत १९७४ मध्ये घातलं गेलं. हातातून गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा त्याच सुमाराचा. तेव्हा जमिनी गेल्या त्याही अशाच, आजारपण, लग्न, उचल, कोऱ्या कागदावर अंगठा. फरक एवढाच की तेव्हा कापसासाठी घेत होते, आता दरीच्या नजाऱ्यासाठी. नर्मदेकाठची ३३ गावं सरदार सरोवरात गेली तीही याच अक्राणी-अक्कलकुवा भागातली. या लोकांनी अजून किती जमीन द्यायची?

शेजार कसा असेल, हे विचारलंत ते मला आवडलं, कारण प्लॉटवाले सहसा विचारत नाहीत. पावऱ्यांची घरं एकमेकांना चिकटून नसतात, ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या वावरात. कोणाला घर उभं करायचं असेल तर पाडा जमतो, जेवण देतात. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो तेव्हा ढोल घेऊन डोंगर खाली उतरतो. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेला आमच्याकडून, मध्य प्रदेशातून माणसं वर चढतात. त्या शेजारात तुम्ही पाहुणे म्हणून गेलात तर तुमचं फार चांगलं होईल. कुंपण घालून, वर्षातून दोनदा येऊन, बाकी दिवस कुलूप लावून शेजार होत नाही.

आता काही गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. कायद्याने जमीन वाचली तरी पोट भरलं असं नाही. जमीन सहजी गहाण ठेवता येत नाही म्हणून बँका कर्ज द्यायला कां-कूं करतात, दिवाळीनंतर पाडेच्या पाडे ऊसतोडीला आणि कापूस वेचायला गुजरातेत जातात, दवाखाना लांब आहे. दाजींचा राग यातूनही येतो आणि त्यात तथ्य आहे. मला वाटतं उपाय पाड्यावरच्या पोरांनी स्वतःच्या जागेवर राहण्याच्या खोल्या काढण्यात आहे, कर्ज त्यांना मिळण्यात आहे. दाजींना मी तेव्हाही म्हटलं होतं की लॉजचे पैसे त्या म्हाताऱ्याच्या पोरांना भागीदार म्हणून द्या, जागा त्यांची, हिशेब मी लिहून देतो. पैसे बुडतील म्हणाले. इसार पै-पै परत आला, तरी ते अजून हेच म्हणतात.

दुसरं म्हणजे मी वकील नाही. एखादी जागा आधीपासून बिगर आदिवासीच्या नावे, रीतसर बिनशेती आदेश असलेली असेल तर तिचं गणित वेगळं. अशा वेळी नुसता सातबारा बघू नका, "इतर हक्क" रकाना वाचा, जुने सगळे फेरफार तलाठ्याकडून काढा, त्यात १९७४ च्या आधीचा आदिवासी खातेदार दिसतोय का ते तपासा, आणि जागा वनखात्याच्या हद्दीत नाही ना हे वनखात्याकडूनच लिहून घ्या. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याने, जमीन हातची जाऊ नये हे पाहण्याचा अधिकार तिथल्या ग्रामसभेला आहे, तेव्हा ग्रामसभेला विचारल्याशिवाय खिळासुद्धा ठोकू नका. एजंटाला इसार दिला असेल तर आजच मागा, पावती असो वा नसो.

भाव मी सांगणार नाही. आणि सातपुड्याच्या पायथ्याशीच राहायचं असेल तर शहाद्यात, लोणखेड्याकडे मंजूर लेआउटमधले प्लॉट आहेत, तिथून तोरणमाळ पन्नासेक किलोमीटर, म्हसावद-राणीपूरवरून सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी. त्याची कागदपत्रं कशी तपासायची हे विचारायचं असेल तर वेगळा प्रश्न टाका, लिहीन.