शब्दशंका : ‘ॲट्रॅक्टिव्ह’ म्हणजे सुंदर का?

प्रश्न : ‘ॲट्रॅक्टिव्ह’ हे इंग्रजी विशेषण आपण सर्रास ‘सुंदर’ या अर्थी वापरतो, ते बरोबर आहे का? या शब्दाचे ‘ट्रॅक्टर’शी नाते आहे, असे माझी पुतणी म्हणते. त्यात तथ्य आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पुतणीचे म्हणणे खरे आहे. लॅटिन भाषेत ‘त्राहेरे’ म्हणजे ओढणे. त्याला ‘कडे’ या अर्थाचा उपसर्ग लागून ‘स्वतःकडे ओढून घेणे’ असे क्रियापद तयार झाले आणि त्यापासून बनलेले विशेषण फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आले. नांगर ओढणारा ट्रॅक्टर, अर्क काढण्याचे ‘एक्स्ट्रॅक्ट’ आणि वजाबाकीचे ‘सबट्रॅक्ट’ हे सगळे त्याच कुळातले शब्द.

आरंभी या विशेषणाचा रूपाशी काही संबंध नव्हता. मध्ययुगीन वैद्यकात ते शरीरातील द्रव ओढून घेण्याच्या गुणासाठी वापरले जाई. नजर किंवा मन ओढून घेणारे, हा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला. भौतिकशास्त्रात मात्र जुना अर्थ आजही टिकून आहे. विजातीय विद्युत्प्रभारांमधले बल ‘ॲट्रॅक्टिव्ह’च असते.

आता आपल्याकडे पाहा. संस्कृत ‘कृष्’ या धातूचे अर्थ ओढणे आणि नांगरणे. त्यातून ‘कृषी’ही आली आणि ‘आकर्षण’ही. लॅटिन धातूशी त्याचे नाते नसताना दोन्ही भाषांनी शेतातली ओढ आणि मनाची ओढ एकाच मुळाशी बांधावी, याचे मला फार अप्रूप वाटते. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वीच्या ठायी ‘आकृष्टिशक्ती’ असल्याचे सांगितले, ती शक्तीही याच धातूची.

म्हणून ‘ॲट्रॅक्टिव्ह’ला नेमका मराठी शब्द ‘आकर्षक’ हाच होय. ‘सुंदर’ हा वस्तूचा गुण सांगतो, तर ‘आकर्षक’ हा तिचा पाहणाऱ्यावर होणारा परिणाम सांगतो. येवल्याची पैठणी सुंदरही असते आणि आकर्षकही. पण निफाडच्या बागायतदाराला द्राक्षांचा चांगला भाव कोणी देऊ केला, तर तो भाव आकर्षक म्हणावा लागेल, सुंदर नव्हे. व्यक्तीविषयी बोलताना हे इंग्रजी विशेषण स्त्री-पुरुष दोघांनाही चालते, आणि त्यात रूपाइतकाच वागण्याबोलण्याचाही वाटा धरला जातो. तेव्हा प्रत्येक ठिकाणी त्याचे भाषांतर ‘सुंदर’ असे करू नये.