दोन बॅगा आणि मधला आठ तासांचा थांबा

बायको-मुलासह कायमचं परदेशी चाललोय, मध्ये आठ तासांचा थांबा आहे, हातातल्या बॅगा कशा सांभाळायच्या, असं तुम्ही विचारलंत. वजन-मापं विमान कंपनीच्या साइटवर आहेत, ती इथे उगाळत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांची विमानं असतील तर ज्या कंपनीची मर्यादा कमी, तीच धरून भरा, एवढंच.

मात्र चाकांची बॅग तुमच्याबरोबर आत येईलच, हे गृहीत धरू नका. विमान भरलेलं असलं की डोक्यावरचे कप्पे पुरत नाहीत. मग शेवटी चढणाऱ्यांच्या बॅगा गेटवरच टॅग लावून खाली सामानात टाकतात. त्या दोन मिनिटांत पॉवर बँक काढावीच लागते, कारण सुटी लिथियम बॅटरी खालच्या सामानात चालत नाही. वर नेताना १०० वॉट-तासांपर्यंत (बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचं माप) साधारणपणे वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची बँक ३.७ व्होल्टने ७४ वॉट-तास भरते. तिच्यावरचा छापील आकडा पुसला असेल तर तपासणीत काढून घेऊ शकतात.

म्हणून त्या बॅगेत सगळ्यात वर चेनची एक पिशवी ठेवा: पॉवर बँक, औषधं, चष्मा, मुलाचा कपड्यांचा एक जोड. बॅग मागितली की पिशवी उचलायची, बॅग देऊन टाकायची.

कागद मात्र अंगावरच्या बॅगेत, आणि ती झोपतानाही पोटाशी. पासपोर्ट, मूळ पदव्या, विवाहाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका. लसीकरणाच्या नोंदीत प्रत्येक डोसची तारीख हवी; नुसतं 'पूर्ण झालं' लिहिलेलं कार्ड बऱ्याच शाळा घेत नाहीत. आणि एवढे शिक्के गोळा करूनही कित्येक ठिकाणी इयत्ता ठरते ती नुसत्या जन्मतारखेवरून! पोर वर्षभर शिकलेलंच पुन्हा शिकत बसतं, आणि काउंटरवरची बाई हसून 'रमेल तो' म्हणते. माझा हा राग अजून उतरलेला नाही. असो.

थांब्यावर बहुधा पुन्हा तपासणी होते. पाण्याची बाटली विमानातून उतरतानाच रिकामी करा. ड्यूटी फ्रीची बाटली घेतलीत तर सीलबंद पिशवी आणि आतली पावती शेवटच्या मुक्कामापर्यंत फोडू नका. फोडलीत की हातातल्या सामानात १०० मिलीहून मोठी द्रवाची बाटली न चालण्याचा नियम लागू.

चार चाकांची बॅग उतारावर आणि बसमध्ये आपोआप पळते, तिथे ती आडवी ठेवा. खुर्चीत बसलात की पट्टा पायात अडकवून बॅग भिंतीच्या बाजूला सरकवा. दोघांनी एकाच वेळी झोपायचं नाही.

एकटेपणाचंही विचारलंत. बायको-मूल मागाहून आले आणि एकट्याने जायची वेळ आली, तर विमानतळावर तो पहिल्यांदा शौचालयाच्या दारात भेटतो: बॅग बघायला कोणी नसतं. शेजारच्या अनोळखी माणसाला सांगू नका, त्याचीही घेऊ नका; बेवारस बॅग दिसली तर सुरक्षावाले उचलतात. शौचालयाची मोठ्या दाराची खोली शोधा, सगळं आत न्या, अंगावरची बॅग हुकाला न लटकवता गळ्यातच ठेवा. बाकी एकटेपणाला आठ तासांत फारसा वाव नसतो. गेट बदलतं, म्हणून दर अर्ध्या तासाला फलक बघत राहा.