इंग्रजी उताऱ्यातील अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भावरून कसा ओळखावा?

बँकेच्या परीक्षेच्या उताऱ्यात अनोळखी शब्द आला की वाचन तेथेच अडते, आणि ‘संदर्भावरून अर्थ काढा’ असे सगळे सांगत असले तरी तो काढायचा कसा हे कोणी सांगत नाही, अशी तुमची अडचण आहे. मी इंदुरात अशाच परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी शिकवतो. माझे पहिले सांगणे असे की, संदर्भाकडून पूर्ण अर्थाची अपेक्षा ठेवू नये. तो बहुधा अर्थाची दिशा दाखवतो: गोष्ट चांगली की वाईट, वाढणारी की घटणारी. उतारा समजण्यास बहुतेक वेळा तेवढे पुरते.

‘अनलाइक हिज गॅर्युलस ब्रदर, ही सेल्डम स्पोक’ हे वाक्य घ्या. ‘गॅर्युलस’ हा शब्द ‘ब्रदर’च्या आधी आला आहे, म्हणजे तो विशेषण असणार, ‘अनलाइक’ विरोध दाखवतो, आणि ज्याच्याविषयी वाक्य आहे तो क्वचितच बोलतो, तेव्हा त्याचा भाऊ पुष्कळ बोलणारा असला पाहिजे. मात्र हे बोलणे ऐकणाऱ्याला हवेसे वाटते की क्षुल्लक गोष्टींवरच्या लांबलचक बडबडीने तो कंटाळतो, हे वाक्यातून कळत नाही. या शब्दाला असलेली कंटाळवाण्या बडबडीची छटा नंतर शब्दकोशातच सापडते. म्हणून आधी ‘बट’, ‘ऑल्दो’, ‘बिकॉज’, ‘सच ॲज’ असे जोडणारे शब्द शोधावेत, कारण अर्थाचा धागा त्यांच्या हाती असतो. मग अनोळखी शब्दाच्या जागी मनात आलेला साधा शब्द घालून पूर्ण वाक्य पुन्हा वाचावे, आणि तो शब्द उताऱ्यात पुढे परत आला तर आपला तर्क तेथेही टिकतो का, ते पाहावे.

काही वाक्ये मुकीच असतात. ‘द हाउस वॉज डिलॅपिडेटेड’ एवढ्यावरून घर मोठे होते, सुंदर होते की पडके, काहीच ठरवता येत नाही. पुढच्या वाक्यात छत कोसळल्याचा उल्लेख आला तरच उलगडा होतो. अशा ठिकाणी थांबून राहण्यापेक्षा पुढे वाचत जाणे केव्हाही बरे.

शब्दाच्या रूपावर विसंबताना मात्र फार जपावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. ‘एनर्व्हेटिंग’ हा शब्द ‘एनर्जी’च्या जवळचा वाटतो, पण त्याचा अर्थ नेमका उलटा, म्हणजे शक्ती हरण करणारा. ‘द एनर्व्हेटिंग हीट ऑफ मे’ असे वाचल्यावर मे महिन्याच्या दुपारी आपली जी अवस्था होते ती आठवली, तर संदर्भच चूक टाळतो. तसेच पेट्रोलच्या टँकरवरील ‘इनफ्लेमेबल’मधला ‘इन’ नकारार्थी नाही. टँकरवर तो शब्द कशासाठी लिहिला असेल, एवढा विचार केला तरी ‘चटकन पेट घेणारा’ हा अर्थ कळतो.

आणखी एक गोष्ट बहुतेक वेळा सांगितली जात नाही. भोवतालचे जवळपास सगळे शब्द ठाऊक असतील तरच ही रीत चालते. शब्दसंग्रहाचे अभ्यासक हू आणि पॉल नेशन यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, मदतीशिवाय मजकूर नीट समजण्यासाठी त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे साधारण ५० शब्दांत एकच अनोळखी. एका ओळीत तीन-तीन शब्द अडत असतील, तर दोष तुमच्या तर्कशक्तीचा नाही. सरावासाठी काही दिवस त्याहून सोपा मजकूर निवडावा.

परीक्षेत दिलेला प्रत्येक पर्याय मूळ वाक्यात घालून पाहावा, आणि हे ओळखीच्या शब्दांनाही लागू करावे. ‘अ नॉव्हेल सोल्यूशन’मध्ये ‘नॉव्हेल’ म्हणजे नवा, अभिनव. पण प्रश्नाखाली ‘कादंबरी’ या अर्थाचा पर्याय दिलेला असू शकतो, आणि घाईत वाचणारा नेमका तोच निवडतो.