घरात चोर शिरला तर गोळी झाडता येते का?

सत्तरी : आमचे जुने कौलारू घर. रात्री कौले काढून कोणी आत उतरला तर परवान्याची बंदूक चालवता येईल का?

कायदा तुमच्या बाजूने सर्वांत ठाम उभा राहतो तो इथेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ प्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी, तसेच जबरी चोरी किंवा राहत्या घराला आग लावणे, यांत मालमत्ता वाचवण्याचा हक्क जीव घेण्यापर्यंत पोहोचू शकतो. कौले काढून उतरणे, कुलूप उघडणे, भिंत चढून शिरणे ही घरफोडी. उघड्या दारातून कोणी सरळ आत आला तर ते केवळ गृह-अतिक्रमण; तिथे मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असावीच लागते.

मात्र कलम ३७ ची अट घरफोडीलाही आहे : बचावापुरतेच बळ. तुम्ही दिवा लावून ओरडलात, माणूस घाबरून परत वाशांवर चढू लागला आणि तुम्ही पाठीत छर्रे घातलेत, तर बचाव टिकणे कठीण. तोच माणूस कोयता उगारून खाटेकडे आला तर कलम ३८ खाली देहरक्षणाचा हक्कही जीव घेण्यापर्यंत पोहोचतो. पहिला वार अंगावर घ्यायची गरज नाही. त्या क्षणी किती बळ वापरले हे सोन्याच्या काट्यावर तोलू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे.

डिचोली : रात्री कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, नारळ चोरतात. गोळी? की कुंपणात वीज सोडू?

दोन्ही नाही. कुळागर म्हणजे इमारत नव्हे, त्यामुळे आत शिरणे ही घरफोडी होत नाही. चोराला अडवा, माल काढून घ्या, पण जीव घेण्याचा हक्क नाही. माल ठेवायचा बंद मांगर रात्री फोडला तर ती घरफोडी ठरते, पण कलम ३७ ची अट तिथेही आहे. विजेची तार तर मुळीच नको. तिला चोर आणि शेजारचे पोर यांतला फरक कळत नाही. उघडी जिवंत तार लावून एका बाईचा जीव गेलेल्या बिहारमधील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बचावाचा दावा फेटाळला होता.

पेडणे : बंदूक वडिलांच्या नावावर आहे. वेळ आली तर मी चालवू?

परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नव्हे. गोळीबार बचावाचा ठरला तरी शस्त्र कायद्याखाली वेगळा गुन्हा लागू शकतो. वडील वारले असतील तर बंदूक विनाविलंब पोलीस स्थानकात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा.

फोंडा : गोळी लागलीच, तर पुढे काय?

११२ ला फोन करा, जखमीसाठी १०८. माणूस, काडतुसाचे टरफल, फुटलेली कौले जिथे आहेत तिथेच राहू द्या. जखमीला वाचवण्यापुरतेच हलवा. बंदूक पुसू नका, पंचनाम्यात पोलिसांच्या हवाली करा. चोराच्या हाती नंतर कोयता ठेवण्याचा मोह तर कधीच नको. रक्ताचे डाग आणि ठसे तो खोटेपणा उघड करतात, मग खरा बचावही बुडतो. बचाव दाखवण्याचा भार आरोपीवर असतो, पण तो संशयातीत सिद्ध करावा लागत नाही, अधिक संभवनीय वाटला की पुरे. सद्भावनेने, पूर्वतयारीशिवाय मर्यादा ओलांडली गेली तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध लागतो, म्हणून चोर कुठून आला, हातात काय होते, अंतर किती, हे जसे घडले तसेच सांगा. अटक झाल्यास चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. तो मागून घ्या.