झाडावर चढता येतं, पुढे काय?

शहरातल्या झाडांची निगा राखण्याचं काम करिअर म्हणून करता येईल का, यावर या वेळी बरीच पत्रं आली. त्यातली चार घेतोय.

प्रश्न : मी बारावी सायन्स झालेय. ट्रेक, रॅपलिंग, क्लाइंबिंग सगळं करते. मोठ्या झाडांवर दोर लावून काम करणारे आर्बोरिस्ट रीलमध्ये बघितले आणि हेच करायचं ठरवलं. बाबा म्हणतात, लाकूडतोड्याचा धंदा करायला शिकवलं का तुला? कुठे शिकायचं हे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बाबांवर रागावू नकोस, मे महिन्यात रस्त्यावर कोयता घेऊन चढलेला माणूसच त्यांनी बघितलाय, दुसरं कोण दिसणार? आता कामाचं. आर्बोरिकल्चर म्हणजे झाडांची निगा राखण्याचं शास्त्र, याच नावाची डिग्री आपल्याकडे शोधत बसलीस तर हाती फारसं लागणार नाही, वाट तुकडे जोडूनच बनवावी लागते. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ किंवा अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, दोन्हीकडे बी.एस्सी. फॉरेस्ट्री आहे, चार वर्षांची, प्रवेश सीईटीतून. हॉर्टिकल्चरही चालेल पण तिथे सगळा भर फळबाग, फुलं, रोपवाटिका यांवर, आणि फळझाड छाटतात ते फळ मिळावं म्हणून, रस्त्यावरचं छाटतात ते कुणाच्या डोक्यावर फांदी पडू नये म्हणून, विचार करायची पद्धतच वेगळी.

दोराचं म्हणशील तर तुझा क्लाइंबिंगचा सराव उपयोगाला येईल पण जसाच्या तसा नाही. कड्यावरचा दोर पडल्यावर ताणला जावा असा असतो, झाडावर कमी ताणणारा लागतो कारण तू त्यावर पूर्णवेळ लटकून काम करणार, आणि हातात करवत असते त्यामुळे करवत चालवताना दोन ठिकाणी बांधलेलं असणं हा नियमच आहे, एक चुकून कापला गेला तर दुसरा हवा. १८ पूर्ण झाली असतील तर रोप अॅक्सेसचा, म्हणजे दोरावर लटकून उंचावर काम करण्याचा, इराटा या आंतरराष्ट्रीय संस्थेचा लेव्हल १ कोर्स कर, चार दिवस ट्रेनिंग आणि मग परीक्षा, आपल्याकडे होतो. तो इमारती-टाक्यांसाठी बनवलाय, झाडांसाठी नाही, पण दोर तपासायची आणि अडकलेल्या जोडीदाराला खाली आणायची शिस्त तिथे पक्की होते. बुटाला लोखंडी काटे लावून चढणारे व्हिडिओ बघून भुलू नकोस, ते काटे फक्त जे झाड पूर्ण उतरवायचंय त्यावर, जिवंत ठेवायच्या झाडाला ते प्रत्येक पावलाला भोक पाडतात.

पण मला विचारशील तर चढणं हा या कामातला सोपा अर्धा भाग. अवघड अर्धा जमिनीवर उभं राहून करायचा, झाड वाचायचा. गुलमोहराच्या बुंध्याशी तपकिरी, चकचकीत, फळीसारखी बुरशी आलीय का बघ, ती बहुतेक वेळा गॅनोडर्मा असते आणि तिचा अर्थ मुळं कुजतायत, वर पालवी कितीही हिरवीगार असू दे. मग लाकडी हातोडीने खोडाभोवती ठोकत जायचं, भरीव ठिकाणी ठक्क वाजतं, पोकळ असेल तिथे आवाज ढोलासारखा खोल येतो, आणि हा फरक कानाला कळायला शेकडो झाडं ठोकावी लागतात. हे कुठल्या रीलमध्ये येत नाही.

प्रश्न : बॉटनीत एम.एस्सी. केलंय, वय ३४, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. झाडावर चढणं शक्य नाही. या क्षेत्रात मला जागा आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे की, आणि माणसं कमी तिथेच आहेत. महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण आणि जतन कायदा आहे, त्यात झाड तोडणं या शब्दात झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं, परवानगी महापालिका-नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून. २०२१ च्या दुरुस्तीत पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज धरलं गेलं आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडं लावायची अट आली. म्हणजे वय किती, प्रजाती कोणती, खरंच धोकादायक आहे का, हे कुणीतरी नीट सांगायला हवं, आणि सध्या अनेक सोसायट्यांत ते कोण ठरवतं तर ज्याच्या गाडीवर पानं पडतात तो.

तुम्ही झाडांचा सर्व्हे, धोका तपासणी, बांधकामाच्या साइटवर झाडं कशी वाचवायची याचे रिपोर्ट, हे सगळं करू शकता. लाकडाच्या आतली पोकळी मोजणारी यंत्रं मिळतात, सुई घालून रोध मोजणारं रेझिस्टोग्राफ किंवा आवाजाच्या लहरींवर चालणारं टोमोग्राफ, पण महाग आहेत, सुरुवातीला विकत घेऊ नका, आधी डोळा तयार करा. आयएसए या आंतरराष्ट्रीय संस्थेची सर्टिफाइड आर्बोरिस्ट परीक्षा आहे, त्यासाठी तीन वर्षं पूर्णवेळ अनुभव लागतो, या विषयाशी संबंधित चार वर्षांची डिग्री असेल तर एक वर्षही चालतं. बॉटनी त्यात कशी धरतात ते अर्ज करण्याआधी त्यांनाच विचारून घ्या. आणि मातीचा अभ्यास जरूर करा, बॉटनीवाले तिथे कच्चे असतात असा माझा अनुभव. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत आणि पसाऱ्याच्या बाहेरपर्यंत गेलेली असतात, आणि आपण बुंध्यापर्यंत काँक्रीट ओततो, पेव्हर ब्लॉक लावतो, केबलसाठी एका बाजूची सगळी मुळं कापतो, मग जुलैत झाड आडवं झालं की वाऱ्याला दोष. दिल्लीत २०१३ मध्ये हरित लवादाने झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायचा आदेश दिला होता, तुमच्या रिपोर्टात असं काही लिहायला लाज बाळगू नका.

प्रश्न : माझा गार्डन मेंटेनन्सचा धंदा आहे, सहा पोरं आहेत. पावसाळ्याआधी छाटणीची कामं भरपूर येतात. चेनसॉ घेतलाय. पोरांना ट्रेनिंग काय द्यावं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दादा, आधी सांगा हेल्मेट, जाळीचा चष्मा आणि चेनसॉची पँट घेतलीत का? त्या पँटमध्ये लांब धाग्यांचे थर असतात, साखळी लागली की धागे साखळीत गुंततात आणि मशीन जागच्या जागी थांबतं. नसेल घेतली तर मशीन कपाटात ठेवा. साखळी ज्या पट्टीवर फिरते तिच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की मशीन उलटं तोंडावर येतं, हे पोरांना जमिनीवर पडलेल्या ओंडक्यावर शिकवा, शिडीवर नाही. शिडीवरून चेनसॉ चालवायचाच नाही.

मग तीन काप. जाड फांदी वरून एकदम कापली की अर्धी कापून होताच ती स्वतःच्या वजनाने मोडते आणि खोडाची साल हातभर सोलत खाली घेऊन जाते. म्हणून खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून एक काप, साधारण पाव जाडीचा. मग त्याच्या थोडं पुढे वरून, फांदी सुटून पडते. राहिलेला खुंट मग शेवटी काढायचा, पण खोडाला चिकटून नाही, फांदीच्या बुडाशी सुजल्यासारखी कॉलर असते तिच्या जरा बाहेर. अमेरिकेच्या वन खात्यातले अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत घालून त्याला कोंडतं, आणि कॉलर कापली तर ती भिंत घालायची जागाच जाते. वरून डांबर फासलं तरी कुजणं थांबत नाही.

शेंडा उडवून झाड ठेंगणं करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक येणारच. नाही म्हणा. तिथून जे झुपके फुटतात ते वरवर चिकटलेले असतात, चार-पाच वर्षांनी तेच मोडून पडतात. आणि अजून एक, तुम्हाला आवडणार नाही कदाचित, पण 'पैसे नकोत, लाकूड घेऊन जा' असं काम घेऊ नका, कारण मग तुमच्या पोरांचा डोळा बारीक वाळक्या फांद्यांवर नाही, जाडजूड चांगल्या फांद्यांवर जातो. रेट दर झाडामागे लावा. परवानगीचा कागद स्वतः बघितल्याशिवाय दोर टाकू नका, तारांजवळ असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घ्या, आणि मे-जूनमध्ये कावळे, बगळे घरट्यांत असतात तेव्हा आधी दुर्बिणीने वर बघून घ्या, अंडी-पिल्लं असतील तर ती फांदी राहू द्या, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घरट्यांनाही संरक्षण आहे.

प्रश्न : आम्ही मेलबर्नला असतो. मुलाला युनिव्हर्सिटीत जायचं नाही, ट्री क्लाइंबर व्हायचंय. भविष्य आहे का? – एक आई

उत्तर : तुमच्याकडे तर सरळ रस्ता आहे. सर्टिफिकेट ३ इन आर्बोरिकल्चर करू द्या, अप्रेंटिसशिपमधून होतं, शिकताना पगार मिळतो. पुढे खांदे-पाठ कुरकुरायला लागली की डिप्लोमा करून कन्सल्टिंगला जाता येतं, रिपोर्ट लिहिणाऱ्यांना तिथे कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, कामं असतात. फक्त पहिली नोकरी कुठे करतोय ते बघा. इंटरव्ह्यूला गेल्यावर त्याने विचारावं की चढलेला माणूस वर जखमी झाला तर त्याला खाली कोण आणणार आणि शेवटचा सराव कधी केला. उत्तर द्यायला मालक अडखळला तर दुसरीकडे अर्ज करायचा.