मोफत सर्जरी कॅम्पमध्ये स्त्री-पुरुष समानतेचा काय संबंध? जो येईल त्याचं ऑपरेशन करतातच ना?

तुम्ही लिहिलंय की ज्या कॅम्पला देणगी द्यायचा विचार आहे त्यांच्या पत्रकात "महिलांना समान संधी" असं छापलंय आणि तुम्हाला ते उगाच वाटलं. मी विदर्भात अशा कॅम्पमध्ये नोंदणीच्या टेबलावर बसते, डॉक्टर नाहीये, पण कोण आलं आणि कोण ऑपरेशन न होता परत गेलं हे टेबलावरून जेवढं दिसतं तेवढं थिएटरमधून दिसत नाही. उगाच अजिबात नाहीये ते.

फॉर्मवर एक रकाना असतो, सोबतच्या नातेवाईकाचं नाव. तो रिकामा असेल तर ॲडमिशन नाही. नियम चांगल्यासाठीच आहे, पेशंटला उठवायला-बसवायला कुणीतरी लागतंच. आता हर्नियाचा पुरुष आला की रकाना लगेच भरतो, बायको सोबत असतेच, ती वॉर्डात खाली सतरंजीवर झोपते, डबा, औषधं सगळं बघते. पण बाईचं ऑपरेशन ठरलं की नवऱ्याला बायकांच्या वॉर्डात रात्री थांबू देत नाहीत, सासू म्हणते पोरांना कोण बघणार, मुलगी तिच्या सासरी, मग रकाना रिकामाच राहतो आणि तिला सांगतात पुढच्या वेळी या. कुणी मुद्दाम केलं नाही हो हे, पण बाई परत गेली ना. आम्ही भांडून भांडून गावातल्याच बायका मजुरी देऊन रात्रीसाठी ठेवायला लावल्या, तेव्हापासून एकट्या बाईलाही दाखल करून घेतात.

दुसरं म्हणजे दुखणं सांगायचं कुणाला. अंग बाहेर येतंय, म्हणजे गर्भाशय खाली सरकलंय, हे चार पुरुषांच्या लायनीत उभं राहून कोण सांगेल? ती म्हणते कंबर दुखते, कागदावर तेच लिहिलं जातं आणि गोळ्या घेऊन ती घरी जाते. पडद्याआड नर्सताई बसल्या आणि निवांत विचारलं की मग कळतं की कितीतरी वर्षं ती तशीच डोक्यावर पाणी वाहतेय. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला, त्यात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो आकडा जुना झाला, पण कंबर दुखते म्हणणाऱ्या बायका मला आजही भेटतात.

आणि बायकांची ऑपरेशनं आपल्याकडे कमी होतात असंही नाही, हे मला फार लागतं. नसबंदीचे कॅम्प कुणासाठी भरले? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित जोडप्यांमध्ये स्त्री नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के आहे, खरं तर पुरुषाचं ऑपरेशन त्यातल्या त्यात सोपं. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडला बिलासपूरजवळ एकाच सर्जनने काही तासांत ८३ बायकांची नसबंदी केली, तिथल्या कॅम्पांनंतर १३ जणींचा जीव गेला. पुढे २०१६ ला सुप्रीम कोर्टाने असे कॅम्प तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितलं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण तर तुम्ही वाचलंच असेल. म्हणजे दुसऱ्यांच्या सोयीची शस्त्रक्रिया बाईला पटकन मिळते, तिला स्वतःला हवी असलेली मात्र रांगेत राहते. त्यामुळे "आमच्याकडे निम्म्या पेशंट महिला" एवढं ऐकून थांबू नका, कसली ऑपरेशनं ते विचारा.

युद्धातही हेच आहे. आपल्याला वाटतं तिथे सर्जन म्हणजे गोळ्या काढणारा, पण सिझेरियन काही युद्धासाठी थांबत नाही. अफगाणिस्तानात खोस्तला एमएसएफ या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ पासून खास बाळंतपणाचं हॉस्पिटल चालवलंय, आणि त्याच देशात तालिबानने डिसेंबर २०२४ मध्ये मुलींचं नर्सिंग आणि दाईचं शिक्षणही बंद केलं. पुरुष डॉक्टरकडे बाईला न्यायचं नाही आणि बाई डॉक्टर तयार होऊ द्यायची नाही, मग त्या बाईने जायचं कुठे?

तुमच्या देणगीचं म्हणाल तर फोन करून तीन-चार गोष्टी विचारा. सोबत कुणी नसलेल्या बाईला दाखल करता का. तपासायला बाई डॉक्टर किंवा निदान नर्स आहे का, आडोसा आहे का. कॅम्पची तारीख कुणाला विचारून ठरते, कारण कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडची बाई येऊच शकत नाही, मजुरी बुडते. आणि अंगाच्या ऑपरेशननंतर दीड-दोन महिने ओझं उचलायचं नसतं, तर घरी जाऊन नवऱ्याला आणि सासूला हे कोण समजावतं, परत तपासायला कोण जातं. यांची उत्तरं पटपट मिळाली तर पैसे द्या, आणि शक्य असेल तर रात्री थांबणाऱ्या बायकांच्या मजुरीसाठी म्हणून द्या, त्या खर्चाला देणगीदार सहसा मिळत नाही, औषधांना आणि मशीनला मिळतो.